दुसऱ्या टोकाचं नाव

२ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं. बावीस वर्षांत त्यांच्यासमोर बसण्याची ही दुसरी वेळ. म्हणाले, "खोलीतले सगळे जुने स्विच जाणार, नवे येणार. तुमच्या डोक्यात जे जे आहे ते कागदावर उतरवा. तुमच्याइतकी ही खोली कुणाला माहीत नाही."

लेबलं सोडून मला आजवर कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं. येताना दुकानातून दोन वह्या घेतल्या. एक त्यांच्यासाठी, एक ही.

आमची खोली म्हणजे गोदामच. नऊ रांगा, रांगेत बारा कपाटं, प्रत्येक कपाटाच्या माथ्याशी एक स्विच. लोकांच्या फोनातून, दुकानांतून, दवाखान्यांतून जे काही येतं-जातं ते या स्विचांच्या भोकांतून. भोकाला आम्ही पोर्ट म्हणतो. पोर्टला नाव असतं, आणि नाव म्हणजे पत्ता. ४-२-१७ म्हणजे चौथी रांग, दुसरं कपाट, सतरावं पोर्ट.

यातली एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडत आली. नाव यंत्राचं नसतं, जागेचं असतं. स्विच जळाला, काढला, त्या जागी दुसरा बसवला, की तेच नाव त्याला लागतं. जुन्याची कुणी आठवण काढत नाही आणि काम अडत नाही. एवढी निर्मळ व्यवस्था माणसांत का नसावी, असं पुष्कळदा मनात येतं.

हिला सांगितलं, साहेबांनी बसा म्हटलं. ही कपडे घडी करत होती. म्हणाली, "आणि मग उठा कधी म्हणाले?"

हिचा स्वभावच तसा.

९ फेब्रुवारी

काम कोणत्या कंपनीला मिळालं ते आज कळलं. धाकट्याच्या! आणि त्यांच्याकडून सगळं बघणार तोच. माझा धाकटा भाऊ माझ्याच खोलीत साहेब म्हणून येणार. वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मी दहावीनंतर शाळा सोडली, ती त्याची सुटू नये म्हणून. आज त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र बघून डोळे भरून आले. देवाचे उपकार.

नव्या स्विचचं पहिलं खोकं उघडलं. जुन्यांत पोर्टच्या नावाआधी त्याचा वेग लिहिलेला असे. हा गिगाबिट, तो दहा गिगाबिट. नाव वाचलं की कुवत कळायची. नव्यात सगळ्यांचं एकच आडनाव, इथरनेट. धाकटा म्हणाला, "दादा, आता लहानमोठं काही नाही. पोर्ट पाहिजे तसं वापरायचं. एका मोठ्या पोर्टचे चार तुकडे पण करता येतात."

"मग नाव?"

"तेच नाव, पुढे एक-दोन-तीन-चार."

सातव्या रांगेत मात्र वेगळ्या कंपनीचे स्विच येणार आहेत. ते पोर्ट शून्यापासून मोजतात. पहिलं पोर्ट म्हणजे शून्य, शेवटचं अठ्ठेचाळिसावं म्हणजे सत्तेचाळीस. एसीवाला शिडीवरून ऐकत होता. खोली थंड ठेवायचं काम त्याचं, आणि जीभ गरम. म्हणाला, "मास्तर, माझी बायको पण शून्यापासूनच मोजते. फरक एवढाच, ती एकावर येतच नाही."

माझं अक्षर चांगलं म्हणून हा मला मास्तर म्हणतो. अक्षर गावच्या शाळेतलं. गुरुजी बोटांवर पट्टी मारत आणि म्हणत, वाचणाऱ्यावर दया कर.

१७ फेब्रुवारी

टिपण पूर्ण झालं. अकरा पानं. पहिलंच वाक्य मी असं लिहिलं: लेबलवर वायरीच्या दुसऱ्या टोकाचं नाव असतं.

हे उस्तादांचं. त्यांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली. ते म्हणत, "तू कुठे उभा आहेस ते डोळ्यांना दिसतंच आहे, ते कशाला लिहायचं? वायर कुठे जाते ते दिसत नाही. ते लिही." तेव्हापासून या खोलीतल्या प्रत्येक वायरीच्या गळ्याशी ती पलीकडे जिथे पोचते तिथलं नाव आहे, माझ्या हातचं, वर पारदर्शक चिकटपट्टी लावलेलं. इंग्रजी अक्षरं आणि आकडे मला या लेबलांनीच पक्के करून दिले.

उस्तादांनी आणखी एक सवय लावली. वायर बसवली की दोनदा हलकेच ओढून बघायची. त्यात माझी भर एवढीच, की बसवताना मनात एकदा देवाचं नाव घ्यायचं. दवाखान्याची वायर असली तर दोनदा. ती सातव्या रांगेत, पहिल्या कपाटात, अगदी शेवटच्या पोर्टात असते.

२१ फेब्रुवारी

धाकटा घरी आला. हिनं जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर त्यानं माझं टिपण मागितलं आणि लाल पेन काढलं.

"दादा, अकरा पानं कोण वाचणार? एक पान पाहिजे."

"खोली नऊ रांगांची आहे."

"आमचे लोक शिकलेले आहेत रे. त्यांना स्विच म्हणजे काय ते सांगायला नको." पानामागून पान खोडत गेला. मग पहिल्या वाक्यावरही रेघ मारली.

मी म्हटलं, "हे राहू दे. बाकी सगळं काढ, हे राहू दे."

"अरे, जगभर लेबलवर जवळच्याच टोकाचं नाव लिहितात. हे असं उलटं लिहितो म्हटलं तर माझी माणसं हसतील. मी त्यांना तोंडी सांगतो ना."

मला त्याचं पटलं. उस्तादांचं हसं व्हायला नको. एक पान त्यानं टाइप केलं, खाली मी सही केली. खोडलेली पानं टाकवेनात, म्हणून खणात ठेवली.

तो गेल्यावर ही म्हणाली, "गुरुजींच्या वहीत सुद्धा एवढं लाल नसेल."

८ मार्च

पहिल्या तीन रांगांच्या कपाटांपुढची जागा मी मोकळी करून दिली, धूळ पुसली. धाकट्याची माणसं येऊन फोटो काढून गेली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट.

रविवारी चौथी आणि सातवी रांग बदलणार. यादीत माझं नाव नाही. धाकटा म्हणाला, "दादा, ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांनाच हात लावता येतो, नियम आहे. तू आराम कर. किती वर्षांत रविवारी घरी नव्हतास."

माझी काळजी त्याला नेहमीच. निघताना सातव्या रांगेशी जाऊन दवाखान्याच्या वायरीला उगाच हात लावून आलो. एसीवाल्यानं पाहिलं. "सासरी पाठवताय का मास्तर?"

११ मार्च, रविवार

सकाळी माळ घेऊन बसलो होतो. दहाच्या सुमाराला फोन. "दादा, लगेच ये." एवढंच. आवाज लहानपणीचा, पाटी फुटल्यावरचा.

जाऊन बघतो तर नव्या स्विचवर सगळे दिवे हिरवे. आणि तरी काही चालत नव्हतं. वायर कुठेही खुपसली तरी पलीकडे कुणीतरी असतंच, दिवा लागतोच. कुणी असावं आणि योग्य तो असावा, यातला फरक दिव्याला कळत नाही.

झालं होतं ते असं. त्यांनी जुन्या स्विचमधल्या सगळ्या वायरी एकदम उपटल्या. मग एकेक हातात घेऊन लेबल वाचलं आणि लेबलवरचा शेवटचा आकडा पाहून नव्या स्विचच्या त्याच पोर्टात बसवली. लेबलवर सतरा, की सतरामध्ये. पण सतरा हा पलीकडच्या टोकाचा आकडा. इथे ती पाचमध्ये होती. चौथ्या रांगेतल्या बारा कपाटांत हेच. सातवीतल्या पहिल्या दोनांत हेच.

मी धाकट्याकडे पाहिलं. "तोंडी सांगितलं होतंस ना?"

"दादा, आत्ता नको. आत्ता लाव."

लावायला बसलो. कागदावर जुनी जागा कुठेच नव्हती. त्यांच्या फोटोत फक्त लेबलं, पोर्टं दिसतच नव्हती. मग डोळे मिटून एकेक कपाट जसं होतं तसं आठवलं. ही वायर चौथ्यात वळण घेऊन खाली यायची, ही जरा आखूड पडायची म्हणून वरच्या ओळीत. दवाखान्याची आधी लावली. सातव्या रांगेत शून्यापासून मोजणी, तेही सांभाळलं. बाकीच्यांना साडेचार तास लागले. टी-शर्टवाले मागे उभे होते. एकानं पाण्याची बाटली आणून दिली.

दवाखान्यात दोन तास नोंदी दिसत नव्हत्या. तीन शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. कुणाचा जीव गेला नाही. प्रत्येक वायरीला नाव घेतलं. सहाशेच्या वर भरलं असेल.

१२ मार्च

मोठे साहेब स्वतः खोलीत आले. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यात आहे, हे काल कळलं आम्हाला."

इतकं चांगलं मला इथे कुणी कधी बोललं नाही. हिला शब्द न् शब्द सांगितला. ही म्हणाली, "तुमचं कौतुक करताना ते हसत होते का?"

आठवून पाहिलं. नव्हते.

१९ मार्च

चौकशी झाली. टेबलाच्या एका बाजूला मोठे साहेब आणि धाकट्याच्या कंपनीच्या वरच्या बाई, समोर मी आणि धाकटा, शेजारी शेजारी. लहानपणी ओसरीत अभ्यासाला बसायचो तसे.

साहेबांनी विचारलं, "लेबलवर दुसऱ्या टोकाचं नाव लिहायचं, ही पद्धत तुमची?"

"हो साहेब. माझ्या उस्तादांची."

बाई म्हणाल्या, "आम्हाला मिळालेल्या टिपणात तिचा उल्लेख नाही." त्यांनी ते एक पान टेबलावर सरकवलं. खाली माझी सही. अक्षर चांगलं आलं होतं.

"तुम्ही हे कुणाला सांगितलं होतं का?" साहेब म्हणाले.

उत्तर माझ्या शेजारी बसलं होतं. वाटलं, आता बोलेल. तो बाटलीचं झाकण उघडत होता आणि लावत होता, उघडत होता आणि लावत होता. मी मनात वीसपर्यंत मोजलं. लपाछपीत त्याला लपायला वेळ मिळावा म्हणून मोजायचो तसं, सावकाश.

मग म्हटलं, "सांगायचं राहिलं."

बाईंनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर धाकट्यानं माझा दंड धरला. "थँक्यू दादा." कशाबद्दल ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यालाही घर आहे, वरचे लोक आहेत, घाबरला असेल. पुढे सवडीनं सांगेल साहेबांना.

२ एप्रिल

सवड मिळालेली दिसत नाही.

५ एप्रिल

अहवाल आला. एसीवाल्यानं कुणाच्या तरी टेबलावरून वाचून सांगितलं. त्यात असं आहे, की लेबलांची पद्धत प्रमाणाला धरून नव्हती आणि खोलीची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असणं हा धोका आहे. धोका दूर करावा.

"म्हणजे मास्तर, तुम्ही धोका," एसीवाला म्हणाला. मग हसायचं सोडून शिडी उचलून गेला. तो हसला नाही तेव्हा मला कळलं.

त्या रविवारी साडेचार तास मी जे आठवत बसलो होतो, तेच माझ्यावरचं कलम झालं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं का? दवाखान्याचं काय झालं असतं?

९ एप्रिल

हिला खणात ती अकरा पानं सापडली. आज संध्याकाळी माझ्यापुढे ठेवली. पहिल्या वाक्यावर लाल रेघ, आणि शेजारी धाकट्याच्या अक्षरात: नको, तोंडी.

"हे काय आहे?"

"टिपण."

"ते मला दिसतंय. हे साहेबांना का दाखवलं नाही?"

"त्याची नोकरी जाईल."

"आणि तुमची?"

मी म्हटलं, "फाडून टाक."

"फाडते कशाला? भाऊजींना रविवारी जेवायला बोलवा. ताटाखाली घालते."

तिनं ती पानं कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवली. झोपण्याआधी नेहमीप्रमाणे धाकट्यासाठी प्रार्थना केली. शब्द सगळे तेच होते. त्याच्या नावाशी येऊन थोडा थांबलो, मग पुढे गेलो.

३० एप्रिल

शेवटचा दिवस. सत्तेचाळीस वर्षांचा आहे, निवृत्ती म्हणता येत नाही. ते "मोकळं करणं" म्हणतात. ओळखपत्र, बूट, चाव्या परत केल्या. लेबलं लिहायचं पेन माझं स्वतःचं होतं. दारावरच्या माणसानं तेही तपासून पाहिलं.

मोठ्या साहेबांच्या शेजारच्या केबिनवर नवी पाटी लावत होते. खोलीप्रमुख अशी नवीन जागा तयार झाली आहे. नाव धाकट्याचं. कंपनी बदलून तो इकडेच आला. पाटी जरा तिरकी लागत होती. मी सवयीनं हात पुढे केला आणि सरळ केली.

धाकटा बैठकीत होता. भेट झाली नाही.

एसीवाला फाटकापर्यंत आला. म्हणाला, "मास्तर, आता खोली कितीही थंड केली तरी मला थंड वाटणार नाही बघा." मग स्वतःच म्हणाला, "च्यायला, हा विनोद नव्हता."

१४ मे

घरी आहे. माळ आहे, पण मन बसत नाही. डोळे मिटले की कपाटं दिसतात. वायर आणि वळणं आणि आकडे. इतकी वर्षं मी देवाचं नाव घेऊन वायरी बसवल्या. आता नाव घेतो तर वायरीच आठवतात.

२६ जून

धाकट्याचा निरोप आला, दोन महिन्यांत पहिलाच. सोबत बत्तीस पानांची फाइल. "दादा, खोलीसाठी नवीन नियमावली केलीय. बाकीच्या शहरांतल्या खोल्यांनाही हीच लागू होणार. छापायला जायच्या आधी एकदा नजर घाल ना. तुझ्यासारखी नजर कुणाची नाही."

मुखपृष्ठावर त्याचं नाव. आतल्या पानावर त्याचा फोटो. पहिलं प्रकरण, पहिलं वाक्य:

लेबलवर वायरीच्या दुसऱ्या टोकाचं नाव असतं.

तेच. एक शब्दही बदललेला नाही. खाली कारणही दिलं आहे: आपण कुठे उभे आहोत ते दिसतंच, वायर कुठे जाते ते दिसत नाही. उस्तादांचा उल्लेख नाही. माझा तर प्रश्नच नाही.

दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. वाक्य चांगलं आहे.

हिला दाखवलं नाही. हिनं मागून वाचलं.

२७ जून

चौथ्या पानावर चूक आहे.

सातव्या रांगेचा तक्ता बाकीच्यांसारखाच एकपासून सुरू केलाय. तिथले स्विच शून्यापासून मोजतात. हा तक्ता बघून कुणी वायरी लावल्या तर प्रत्येक वायर एक घर पुढे सरकेल. शेवटच्या वायरीला तर घरच उरणार नाही. तिला अठ्ठेचाळीस सांगितलंय, आणि अठ्ठेचाळीस नावाचं पोर्ट त्या स्विचमध्ये नाही. शेवटची वायर दवाखान्याची.

ही म्हणाली, "गप्प बसा. जाऊ दे छापायला. बत्तीस पानं, वर त्यांचं नाव, आत त्यांचा फोटो. मग बोलवू दे चौकशीला."

"आणि दवाखाना?"

"दवाखान्याला कुणी विचारलं होतं का, तुम्हाला काढायच्या आधी?"

मी फोन पालथा ठेवला. दिवसभर पालथा होता. खोटं कशाला लिहू, दिवसभर मला फार बरं वाटत होतं. त्या टेबलाशी धाकटा बसलाय, शेजारची खुर्ची रिकामी आहे, बाई विचारतायत आणि झाकण उघडतंय, लागतंय, उघडतंय. पुन्हा पुन्हा हेच डोळ्यांसमोर आणलं. माळ हातातच होती.

२८ जून

सकाळी दुरुस्ती पाठवली. चौथं पान, सातवी रांग, शून्यापासून. एवढंच लिहिलं. दादा असं खाली लिहितो नेहमी, ते लिहिलं नाही.

चार मिनिटांत उत्तर आलं. एक अंगठा.

"पाठवलंत?" हिनं विचारलं.

"पाठवलं."

ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कागद फाटल्याचा. अकरा वेळा मोजला.

दुपारी घरातल्या इंटरनेटच्या डबीची वायर निघाली होती. बसवली, सवयीनं दोनदा ओढून बघितली. दिवा हिरवा झाला.

नाव घ्यायचं राहिलं, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. न घेताही दिवा लागतो.